आडे मॅडम आणि येड्या जोशाची पोथी

आडे मॅडम माझ्या स्टुडिओत पहिल्यांदा आल्या त्या पेन्शनच्या कागदाला लावायचा फोटो काढायला, आणि फोटो न काढताच भांडून गेल्या. भांडण कशावरून? तर माझ्या पडद्यावरून. कळमनुरीत आमचा स्टुडिओ वडिलांपासूनचा. त्यांनी नांदेडच्या एका पेंटरकडून मोठा पडदा रंगवून घेतला होता. मागं डोंगर, पुढं तळं, तळ्यात हंसाची जोडी आणि उजव्या अंगाला एक झाड. त्या झाडाशेजारी उभं राहून तालुक्यातल्या निम्म्या पोरींनी स्थळांना पाठवायचे फोटो काढलेत, आणि बहुतेकींची लग्नंही जमलीत. पेन्शनचा फोटो पांढऱ्या पडद्यावर काढतात, तेव्हा त्या रंगीत पडद्याशी मॅडमचा काडीचा संबंध नव्हता. पण स्टुलावर बसता बसता त्यांची नजर तिकडं गेली.

"हे झाड कोणतं?"

"पडद्यावरचं आहे, मॅडम."

"ते दिसून राहिलं मला. कोणतं म्हणून विचारलं."

त्या उठून पडद्याजवळ गेल्या. चष्मा कपाळावर सरकवला.

"खोड नारळाचं, पानं पिंपळाची अन् फुलं गुलाबाची! अन् ह्याच्याखाली तुमी लेकीबाळी उभ्या करता?"

"लग्नं जमतात मॅडम," मी म्हणालो.

"मंग त्यांचे संसार कसे चालले ते बी बघत जा," असं म्हणून त्यांनी छत्री उचलली आणि चालू पडल्या.

दुसऱ्या दिवशी आल्या, पण आत पाऊल टाकलं नाही. दारातूनच विचारलं, "गुंडाळला का?" गुंडाळला होता. का गुंडाळला, ते माझं मला ठाऊक नाही. मी काही कुणाला भिऊन राहणारा माणूस नाही. पण बाई बुटकी, आवाज असा की बाजारातली बैलं वळून बघतील, आणि बोलणं खरं. अशा माणसापुढं आपलं काही चालत नाही. त्या दिवशी फोटो निघाला, चहा झाला, आणि मॅडम मला जन्माच्या चिकटल्या. आता त्या पुण्याला लेकीकडं असतात, गुडघ्यांनी दगा दिला म्हणून. त्यांच्याविना ह्या गावात मला करमत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

मॅडम वारंगा फाट्याकडच्या एका तांड्यातल्या. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर हिंडणारे. वडील शेती करायचे. मॅडम शिकल्या, आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला लागल्या, आणि निवृत्त होईपर्यंत तेच केलं. "आमच्या लोकांनी सगळा मुलूख बैलाच्या मागं चालून बघितला," त्या म्हणायच्या. "मी खाली बघून चालते, एवढाच फरक." साडी, पायात पोरांसारखे बूट, हातात पुरुषी काळी छत्री आणि खांद्याला झोळी. झोळीत भिंग, जुनी वर्तमानपत्रं आणि एक खुरपं. तसं ते खुरपं जमिनीला क्वचितच लागायचं. ते बहुधा लोकांकडं रोखून बोलायला होतं.

त्यांची एक सवय मोठी न्यारी होती. त्यांच्यासोबत चालायला लागलं की त्या आपली झाडांशी ओळख करून द्यायच्या. रस्त्याच्या कडेला थांबायच्या आणि म्हणायच्या, "हा आघाडा. आणि हे बबनराव, फोटो काढतात." मी आधी हसलो. मग काही दिवसांनी माझ्या ध्यानात आलं की मी आघाड्याजवळून जाताना मान हलवून राहिलोय. बायको म्हणाली, "तुमच्यावर काही उतरून टाकू का?"

प्रॅक्टिकलला एकदा एका पोरानं वहीत नुसतं 'गवत' असं लिहिलं. मॅडमनं त्याला उभं केलं. "तुझ्या बापाला कुणी चौकात 'ए माणसा' म्हणून हाक मारली तर चालंल का?" पोरगं म्हणालं, "न्हाई." "मंग ह्याला काहून चालंल?" तो पोरगा आता खताच्या दुकानात बसतो आणि अजून सगळ्या गवतांची नावं सांगतो. मॅडमचा विषय निघाला की कानाची पाळी चोळतो. आणि विनाकारण पान तोडणाऱ्याच्या हातावर त्या फाटकन मारायच्या, मग तो पोरगा असो की संस्थेचा अध्यक्ष. अध्यक्षांनी एकदा बोलता बोलता मेंदीचं पान तोडलं आणि खाल्ली चापट. त्या दिवसापासून अध्यक्ष कॉलेजच्या बागेत हात मागं बांधून फिरायचे.

तर ह्या मॅडमची आणि येड्या जोशाच्या पोथीची गाठ माझ्या स्टुडिओत पडली.

दिगूकाका जोशी म्हणजे तहसीलमधून निवृत्त झालेले कारकून. महादेवाच्या देवळाशेजारी घर, सकाळी देवळातली पूजा, संध्याकाळी ओट्यावर बसणं. सरळ, भिडस्त माणूस. पण गावात जोशी पुष्कळ, तेव्हा कोणते जोशी म्हणून विचारलं की लोक सांगायचे, "येडे जोशी." कारण काकांचे पणजोबा. ते वैद्यकी करायचे. त्यांनी एक पोथी लिहिली, पानोपानी झाडांची रंगीत चित्रं काढली, आणि उतारवयात एकाएकी औषध देणं बंद करून माळावर जाऊन बसायला लागले. गावानं ठरवून टाकलं की ह्याला येड लागलं. पणजोबा गेले, आजोबा गेले, वडील गेले, पण ते विशेषण घराला चिकटून राहिलं. काकांच्या बहिणीचं जमत आलेलं लग्न त्यापायी मोडलं होतं. 'येड्याच्या घराण्यातली पोरगी' म्हणून. त्या बिनलग्नाच्याच गेल्या. काका हे कधी बोलायचे नाहीत, पण सगळ्या गावाला ठाऊक होतं.

पोथीची पानं झडायला लागली म्हणून काका फोटो काढून घ्यायला आले. लाल फडक्यात बांधलेली पोथी. दसऱ्याला तिची पूजा व्हायची, एरवी ती कुणाला दाखवायचे नाहीत. फडकं सोडायच्या आधी त्यांनी मला विचारलं, "बबन, हसणार नाहीस ना?"

मी हसणार नाही म्हणालो, आणि दुसऱ्याच पानाला फिसकन हसलो. अक्षर तर लागतच नव्हतं. मोडी नाही, बाळबोध नाही, उर्दू नाही. हिंगोलीपासून नांदेडपर्यंत किती जणांनी डोकं आपटून पाहिलं होतं. आणि चित्रं म्हणजे काय विचारता! एका झाडाला माणसाची हाडं लागलेली. एकाच्या मुळाशी चक्क नांगर. एका खोडाला दोन तऱ्हेची पानं. शेवटच्या पानावर एक बारीक वेल आणि तिला दिवे लागलेले, अन् खाली कोरा कागद. मुळंच नाहीत. मला वाटलं, माझा पडदा ह्याच्यापुढं शहाणा.

काकांचं तोंड उतरलं. नेमक्या तेव्हा आडे मॅडम फोटो न्यायला आल्या. मी म्हणालो, "घ्या मॅडम, तुमच्यासाठी झाडं आलीत." मला वाटलं, आता पडद्यासारखी ह्या पोथीचीही हजेरी घेतली जाणार. मॅडमनं चष्मा कपाळावर घेतला आणि एकेक पान बघायला लागल्या. चहा निवून गेला. मी दोन गिऱ्हाइकं परत पाठवली. सगळी पानं झाल्यावर त्यांनी काकांना विचारलं, "ह्याला येडा कोण म्हणलं?"

"सगळेच म्हणतात," काका म्हणाले.

"येडा माणूस रोज नवी चूक करतो. ह्यानं सगळीकडं एकाच रीतीनं केलंय. खोडाला पिवळं वळं, प्रत्येक पानावर. मुळं मोठाली, प्रत्येक पानावर, शेवटचं सोडून. काका, हा माणूस बघून काढत होता. काय बघत होता ते मी शोधते."

काकांनी फडक्यानं डोळे पुसले, पोथीच्याच फडक्यानं. मग एवढंच म्हणाले, "मॅडम, मी आता पिकलं पान. जायच्या आधी आमच्या घरावरचा हा डाग गेला, तर बहिणीला वर जाऊन सांगता येईल." मला माझ्या हसण्याची फार लाज वाटली.

तिथून पुढं माझ्या मोटारसायकलचे हाल सुरू झाले. मॅडमची स्कूटी माळावर चढायची नाही, मग मी. सोयाबीनच्या बांधावरून, मुरमाच्या खाणीतून, कयाधूच्या काठानं. मागं मॅडम, त्यांच्या हातात मी काढलेल्या पानांचे मोठे प्रिंट, आणि माझ्या पाठीत छत्रीची मूठ. थांबायचं असलं की मुठीनं टोचायच्या. बायको म्हणायची, "नवरा माझा आणि हाकतात मॅडम."

हाडाचं झाड पहिल्यांदा उलगडलं. एका वस्तीवरच्या कुंपणातून मॅडमनं कांडवेलीचा हातभर तुकडा मागून आणला, काकांच्या ओट्यावर ठेवला आणि शेजारी प्रिंट. चौधारी वेल, पेरापेराशी आवळलेली, कांडं एकाला एक जोडलेली. हुबेहूब चित्रातली हाडं. "मोडलेल्या हाडाला हीच बांधतात," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या पणजोबानं हाडं न्हाई काढली, वेल काढली. गावानं वेल बघितली न्हाई अन् हाडं बघितली." काकांनी तो तुकडा उचलला आणि घरात जाऊन देव्हाऱ्यात ठेवला. मॅडम ओरडल्या, "अहो, तिथं कशाला? कुंडीत लावा!"

नांगराचं झाड श्रावणात सापडलं. माळावर पावसानं बांध खचला होता आणि कळलावीचा कंद उघडा पडला होता, अगदी नांगरासारखा वाकडा. वर ती लाल-पिवळी फुलं. मी कंद हातात घेतला, तर मॅडमनं खुरपं रोखलं. "विषारी हाय. हात धू. कान धरून धू." कान धरल्यावर हात कसे धुवायचे हे त्यांनी सांगितलं नाही. आणि दोन तऱ्हेच्या पानांचं झाड तर काकांच्या देवळातच निघालं. कडुलिंबावर चढलेली गुळवेल! काका रोज त्याखाली पूजेचं पाणी ओतत होते. मॅडम म्हणाल्या, "कडुलिंबावरची गुळवेल औषधाला निराळी मानतात. म्हणून त्यानं दोन्ही एकत्र काढली. झाड न्हाई काढलं काका, औषध काढलं." काकांनी लिंबाला हात जोडले. मग मॅडमना जोडले. मॅडमना हात जोडलेले खपायचे नाहीत. त्या तरातरा बाहेर जाऊन चप्पल शोधायला लागल्या, आणि पायात तर बूटच होते.

मधेच एक पाहुणे आले. मोठे अभ्यासक, बाहेरगावचे, कुणाच्या तरी ओळखीनं मोटारीतून. त्यांनी पोथी चाळली, काकूंच्या हातचे पोहे खाल्ले, दोनदा घेतले, आणि म्हणाले, "लोककला म्हणून छान आहे." ते गेल्यावर काकांनी मला हळूच विचारलं, "बबन, लोककला म्हणजे काय रे?" मी काही बोलायच्या आत मॅडम म्हणाल्या, "म्हणजे येडाच, पण पाहुण्याच्या तोंडानं." काका कितीतरी दिवसांनी खळखळून हसले. पण तो शब्द त्यांना लागला होता. दोन दिवस देवळातली घंटा हळू वाजत होती.

मॅडम चुकल्या नाहीत असं नाही. चुकल्या, आणि दणकून चुकल्या. ते खोडाचं पिवळं वळं. त्यांनी ठरवलं की हा रोग. किड्यानं खोडाला केलेली गाठ. ओट्यावर बसून काकांना त्यांनी सगळं समजावून सांगितलं, किडा कोणता, अंडी कशी घालतो, गाठ कशी फुगते. काकांना वाटलं, पणजोबा वैद्य होते आणि सगळी रोगट झाडंच काढत बसले होते की काय! जेवण गेलं नाही त्यांना. मग एकदा मॅडम माझ्या स्टुडिओत बसल्या होत्या. मी एका लग्नाचा अल्बम लावत होतो. नवरदेवाच्या मनगटावर हळकुंड बांधलेला पिवळा दोरा, त्याचा मोठा फोटो होता. मॅडम सहज बघत होत्या, आणि एकदम कपाळावर हात मारून घेतला.

"आगं याडी गं!" याडी म्हणजे आई; तांड्यातली भाषा फक्त धक्का बसला की बाहेर यायची. "बबनराव, हे तर आवतन हाय!"

"आवतन लग्नाच्या आधी देतात, मॅडम. हे लग्न लागून गेलेलं—"

"तुमच्या लग्नाचं न्हाई म्हणून राहिले! झाडाचं!"

मग त्यांनी सांगितलं. त्यांची आजी औषधाचं मूळ कधी एका फेरीत आणायची नाही. आदल्या दिवशी जायची, झाडाला हळदीचा दोरा बांधायची, अक्षता वाहायची आणि म्हणायची, उद्या न्यायला येते, रागावू नको. लग्नाला बोलवतात तसं बोलवायची. दुसऱ्या दिवशी जाऊन मूळ खणायची. आवतन न देता आणलेलं मूळ लागू पडत नाही म्हणायची. "अन् मी, तिची नात, एवढी शिकले अन् दोऱ्याला रोग म्हणत बसले," मॅडम म्हणाल्या. तशाच उठल्या, काकांच्या ओट्यावर गेल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "काका, माझं चुकलं. रोग न्हाई, मान हाय तो." त्या दिवशी काका दोन वेळ जेवले.

आता एक गोष्ट बराबर लागली. माझे मोठे प्रिंट समोर ठेवून मॅडमनं दाखवलं, की प्रत्येक चित्रात वरच्या भागाची शाई वेगळी आणि मुळांची वेगळी. म्हणजे पहिल्या दिवशी आवतन देऊन झाडाचा वरचा भाग काढायचा, आणि दुसऱ्या दिवशी खणून झाल्यावर मूळ. मग ते शेवटचं पान, दिव्यांच्या वेलीचं. तिलाही दोरा होता. मूळ तेवढं नव्हतं. म्हणजे आवतन दिलं आणि खणलंच नाही.

"म्हणून तर येडा म्हणतात," काका म्हणाले. "पोथी अर्धी टाकून माळावर जाऊन बसले ते ह्याच पानापासून." मग मॅडमकडं बघून म्हणाले, "मला ती वेल पाहिजे. मी माझ्या हातानं ते मूळ काढीन आणि पान पुरं करीन. मग कुणाची छाती नाही येड्याचं घर म्हणायची." काका पेन्सिलीनं बरं चित्र काढायचे, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी रंगाची पेटीही आणवून ठेवली होती.

त्या वेलीनं आमचा घाम काढला. दोन पावसाळे गेले. मॅडमच्या गुडघ्यांनी तेव्हाच कुरकुर सुरू केली होती, पण थांबतील त्या मॅडम कसल्या. काका रोज संध्याकाळी ओट्यावर बसून आमच्या गाडीचा आवाज ऐकायचे, आणि आमचे चेहरे बघून काही न विचारता आत जायचे. मला ते सहन व्हायचं नाही. एकदा मी म्हणालो, "मॅडम, कुठल्याही वेलीचं नाव सांगून टाका ना. म्हातारा सुखानं जाईल." त्या माझ्याकडं अशा बघत राहिल्या की मी गाडीला किक मारायला लागलो, आणि गाडी सेल्फस्टार्टची होती.

भादव्यात एका सकाळी त्यांचा फोन आला. आवाज बारीक. मला आधी वाटलं, पडल्या कुठं. "बबनराव, काकाला घेऊन या. वारंगा फाट्याच्या अलीकडं, मुरमाच्या खाणीच्या वरच्या अंगाला. गाडीवर नका आणू, रिक्षा करा."

मॅडम तिथं गवतात बसलेल्या होत्या. त्यांच्यासमोर बोटाएवढीही जाड नसलेली एक वेल गवताच्या काड्यांना धरून चढली होती, आणि तिला फुलं लागली होती. खाली फुगीर, वर निमुळती, टोकाशी पाकळ्या जुळलेल्या. थेट कंदील. काकांनी प्रिंट काढला, फुलाजवळ धरला. "दिवे," ते म्हणाले. "बबन, खरंच दिवे रे." आणि म्हातारा गवतात बसून लेकरासारखा रडला. मीही रडलो, लपवायचं काय त्यात.

मॅडमनं नाव सांगितलं. गुराखी तिला खापरखुटी म्हणतात. खाली कंद असतो, तो खणून खातात, म्हणून कुठं राहिली नाही. मग त्या म्हणाल्या, "काका, ही एकच हाय. मी सगळा उतार पालथा घातला. दुसरी न्हाई."

काकांनी पिशवीतून छोटी कुदळ काढली होती. मी मॅडमकडं बघितलं. पान तोडलं म्हणून अध्यक्षाला चापट मारणारी बाई. पण मॅडम एवढंच बोलल्या, "आधी आवतन द्या. पणजोबाची रीत हाय." काकांनी जानव्याच्या जोडातला सुटा दोरा हळदीत बुडवून आणला होता, तो वेलीला सैलसर बांधला. अक्षता वाहिल्या. "उद्या येतो," असं म्हणून हात जोडले.

परत येताना काका पुढं रिक्षात बसले, तेव्हा मी मॅडमना बाजूला घेतलं. "तुम्ही 'नको' का म्हणाला नाहीत?"

"कशी म्हणू?" मॅडम चिडल्या. "माझं काय, मला वेल दिसली, माझं पोट भरलं. त्याच्या बहिणीचं लग्न मोडलंय ह्या पोथीपायी. मी त्याला सांगू, की काका, तुमच्या घराण्यापेक्षा मला वेल मोठी? तुमी सांगा की!" त्या दिवशी त्यांनी चहाही घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी काकांनी कुदळ घेतली होती, रंगाची पेटी घेतली होती, बसायला पाटसुद्धा घेतला होता. वेलीजवळ पाट मांडून बसले. कुदळ मांडीवर. किती वेळ गेला कोण जाणे. मॅडम दूर उभ्या, पाठ फिरवून. मधेच काका म्हणाले, "मॅडम, पणजोबा पण असेच येऊन बसले असतील इथं. कुदळ घेऊन."

"बसले असतील."

"आणि एकच आहे हे त्यांनाही दिसलं असेल."

मॅडम आता वळल्या.

"मग ते तसेच परत गेले," काका म्हणाले. "अहो, त्यांच्या हातून झालं नाही. मूळ काढायचं राहिलं नाही मॅडम, त्यांनी काढलं नाही. आणि मग रोज बघायला येत राहिले, गुराख्यांनी खणू नये म्हणून. आणि गाव म्हणालं येडा." आणि मग त्यांना हसू फुटलं. "आता माझ्या हातून तरी कुठं होऊन राहिलंय? बबन, ते पान पुरंच आहे रे. आम्हीच इतकी वर्षं अर्धं म्हणत होतो."

त्यांनी कुदळ माझ्या हातात दिली. "वरच्या अंगाला चर खण. पाणी वळव. कंद उघडा पडायला नको."

मी चर खणला. मॅडमनं छत्री उघडली आणि तोंडापुढं धरली. पाऊस नव्हता, ऊनही नव्हतं. बोरीच्या काट्यांचं कुंपण घालेपर्यंत छत्री खाली आली नाही. गाव आजही येडे जोशीच म्हणतं. पण परवा रिक्षावाल्यानं 'कुठं सोडू' म्हणून विचारलं, तर काकाच म्हणाले, "येड्या जोशाच्या घरी." आणि मिशीत हसले. दर भादव्यात मी आणि काका तिथं जाऊन येतो. वेल अजून आहे.

कुंपण घातलं त्या दिवशी निघायची वेळ झाली आणि उतारावरून शेळ्यांचा कळप आला. राखणारी म्हातारी लांब लिंबाखाली बसलेली. शेळ्या सरळ कुंपणाकडं. मी दगड उचलला, तर मॅडमनं माझा हात धरला. झोळीतून आपला जेवणाचा डबा काढला, भाकरीचा तुकडा मोडला आणि पुढच्या शेळीच्या तोंडापुढं धरला. मग एक पाऊल मागं, पुन्हा एक तुकडा. सगळा कळप त्यांच्याभोवती. आम्हाला म्हणाल्या, "तुमी व्हा पुढं, मी ह्यांना खाली लावून येते." रिक्षा सुरू झाली. मी मागं वळून बघितलं, तर मॅडम उलट्या पावलांनी, दुखऱ्या गुडघ्यांनी उतार उतरत होत्या, शेळ्यांना आपली भाकरी चारत, आणि त्यांच्याशी तांड्यातल्या भाषेत काहीतरी बोलत होत्या. बहुतेक त्यांची गवताशी ओळख करून देत असाव्यात.